मोजदाद

लेहहून उतरले तेव्हा सातवा सरत होता.
ओझरला अण्णांनी आधी बॅग नाही घेतली,
मनगट घेतलं.
घड्याळाकडे बघत उभे राहिले उन्हात,
मागे रिक्षावाला खोळंबला.
"एकशे चार," म्हणाले,
"फोनवर एकशे अठरा सांगितले होतेस."

नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली त्यांनी.
थप्पीत एक ताव कमी असला
तर बोटाला कळायचं, डोळ्याच्या आधी.
रिटायर झाल्यावर काय मोजावं, हा प्रश्नच होता.
मला दिवस गेले, साडेअकरा हजार फुटांवर,
आणि त्यांना काम लागलं.

तिथं कसं होतं, आई विचारते.
सांगते, जर्दाळू होते. ऊन असं
की सावलीत पाय टाकला तर तो पाय दुसऱ्या देशात.
हे नाही सांगत
की रात्री उशीला कान टेकला की
कुणीतरी जिना चढताना ऐकू यायचं.
उठून दार उघडायचे.
जिन्यात कुणी नसायचं.
ती चढण छातीतच चालली होती.

डिस्कित, आमची घरमालकीण, तिलाही सातवाच.
पाण्याचे दोन कॅन घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायची,
खाली सुरू केलेलं वाक्य वर येऊन संपवायची.
मी चादरीची घडी घालून दमायचे.
"रागावू नकोस त्याच्यावर,"
माझ्या छातीवर बोट टेकवून म्हणाली,
"माझ्या आज्या, त्यांच्या आज्या, सगळ्या इथंच बाळंत झाल्या.
तुझं रक्त अजून पाहुणं आहे."

पाहुण्यासारखंच वागत होतं ते.
दाटलेलं, संकोचलेलं,
सगळीकडे जाऊन यायचं रीतीपुरतं,
पण पोटातल्या त्या आतल्या खोलीशी
पाऊल आखडतं घ्यायचं.

श्रीहरी आणखी सहा हजार फूट वर, रस्त्यावरचा बर्फ सारत.
म्हणाला, इथं डोझरलासुद्धा धाप लागते.
तू जा.

जेल रोडला, विभावरी मॅडमच्या पडद्यावर
माझं हृदय करडं, दाणेदार, उघडझाप करणारं.
"उजवी बाजू थोडी जाड झालीय.
फुप्फुसाकडे ढकलताना जोर लावावा लागला ना तिला."
आईनं विचारलं, उजवी म्हणजे जेवायच्या हाताची?
"उतरेल?"
"उतरतं बहुतेकदा. बघू. बाळ जरा हलकं आहे. खा."

इथली हवा जाड.
बिटको चौकातला धूर, दसकच्या घाटावरची ओल,
कुणाच्या तरी खिडकीतली लसणाची फोडणी,
एवढं सगळं घालूनही उरते.
पहिला आठवडा मी ती चोरून घेत होते,
दुसऱ्याच्या डब्यातली असल्यासारखी.

अण्णांची वही: तारीख, वेळ, आकडा.
एकशे चार. नव्व्याण्णव. शहाण्णव.
मध्येच एकशे बारा,
त्या दिवशी श्रीहरीचा फोन लागला नव्हता.
बेरीज कशाचीच होत नाही,
तरी प्रत्येक पानाखाली रेघ.

परवा मॅडमनी आवाज मोठा केला,
बाहेर बसलेल्या अण्णांना आत बोलावलं.
टाप टाप टाप टाप, ओल्या मातीवरून कुणी पळत सुटल्यासारखं.
अण्णांनी घड्याळ काढलं. ओठ हलू लागले.
चाळीस, एक्केचाळीस
आणि मग थांबले.
"चुकलं," म्हणाले.
चौतीस वर्षांत हा शब्द मी घरी ऐकला नव्हता.
"परत लावता का?"
बाहेर चार पेशंट होते, तरी मॅडमनी लावलं.
त्या तारखेपुढे वहीत आकडा नाही.
नुसती रेघ आहे.

डिस्कितचा फोटो आलाय. मुलगी झाली.
एका हातात ती, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन.
आईला दाखवायला म्हणून वर निघाले,
दोन मजले,
मधल्या वळणावर कठड्याला हात टेकून थांबले.
दमले नव्हते.
थांबले.